वाकडं तास

नवी पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य तृतीया, शके १८५८

प्रिय तम्मा,

दिवाळीचं तुझं पत्र पोचलं. सिंधात कालव्याला बारमाही पाणी, दार उचललं की रान भिजलं, हे मी ह्यांना दुकानातच मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या अप्पांना सांगू नकोस, त्यांना खरं वाटायचं नाही. आपल्याकडे यंदा हस्ताने कशीबशी लाज राखली. शाळू मात्र झकास उगवलाय. गेल्या आठवड्यात माहेरी जाऊन आले, आणि तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणतेय.

गावात आपली चेष्टा चाललीय बघ. ईश्वरप्पांचं तास वाकडं आलंय! वरच्या रानातली एकही ओळ सरळ नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण अप्पांचं!

आठवतं ना रे? पेरणीला अप्पांनी पाभर धरली की नजर समोरच्या बाभळीवर, आणि बैल जणू त्या नजरेवरूनच चालायचे. पीक वर आलं की गावची जाणती माणसं बांधावर उकिडवी बसून, एक डोळा मिटून तासातून बघायची आणि माना डोलवायची. आपण दोघं एकाच तासाच्या दोन टोकांना बसून एकमेकांना वेडावून दाखवायचो. मधे शाळूचं एक ताट आडवं यायचं नाही. बोरामणीचं माझं चालून आलेलं स्थळ अप्पांनी मोडलं ते का, तर त्यांच्या रानातली तासं वाकडी! ज्याचं तास वाकडं त्याचं घर वाकडं म्हणे. आणि मग मला दिली कुठे? सात पिढ्यांत कुणी बैलाची शेपटी धरली नाही अशा कापडवाल्यांच्या घरी. ह्यांना अजून चिडवते मी.

अशा माणसासमोर तू पुण्याहून शेतकी शिकून आलास आणि ती तिपाईवरची पितळी दुर्बीण मांडलीस. लेकाची वस्तू म्हणून अव्वाने तिला कुंकू लावून नारळ फोडला. तू सबंध रानभर चुन्याची रेघ ओढलीस, ह्या रेघेवर बांध घाला आणि पेराही हिच्याच वळणाने म्हणालास. सिद्धलिंगप्पाकाका पोट धरून हसले. म्हणाले, चालता चालता बैल मुतला की अशीच रेघ पडती की! तू लालबुंद. ताटात पाणी घेऊन समजावत होतास, की ह्या रेघेवर कुठंही उभं राहा, उंची एकच; पावसाचं पाणी माती घेऊन पळणार नाही, जागच्या जागी मुरेल. तुमच्या डोळ्यांना ती वाकडी, पाण्याला सरळ. अप्पा म्हणाले होते, वरलं रान बरड, मुरमाड हाय, तितं तुजं खरं असंल. पर खालच्या काळ्या रानात पाणी कोंडलं तर पीक पिवळं पडंल, दोगांला एकच औषीद कसं? ते तू ऐकलं नाहीस. आणि त्यांनी तुझं. बांध तू हट्टाने घालून घेतलास, पण पेरणीच्या दिवशी चार लोकांसमोर अप्पांनी पाभर बाभळीच्या दिशेने नाकासमोर घातली, आणि संध्याकाळी तू पेटी उचललीस.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी लिहिलं नाही. अप्पांनी तो बांध मोडला नाही रे. दर पेरणीला तास सरळच, पण बांध आला की पाभर उचलायची, पलीकडे नेऊन टेकायची, पुन्हा पुढे. बैल वैतागायचे, अव्वा वैतागायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, मोडायला वेळ कुणाला हाय? बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साठलाय, तिथला शाळू दरसाल माझ्या खांद्याला लागतो. खालच्या काळ्या रानात मात्र खरंच पाणी तुंबलं. तिथे त्यांनी पाणी निघून जायला बांधाला तोंड फोडलं, दगड रचून. त्याला राग येईल का गं, असं मला विचारलं होतं. तुला राग येईल का रे?

मध्यंतरी अप्पा सोलापुरात आले ते शेजारच्या दुकानात जाऊन बसले आणि ह्यांच्या नावाने हाका मारू लागले. आम्ही हसलो. जेवताना ताक पेल्याबाहेर ओतलं, तेव्हा मी हसले नाही. डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. तुला कळवायचं नाही, अशी अप्पांनी मला शपथ घातली. ती मी आज मोडतेय, पाप लागलं तर माझ्या डोक्यावर.

तम्मा, यंदा त्यांना समोरची बाभूळ दिसलीच नाही. अव्वा पाभरीमागून चाड्यात बी सोडत होती, तिने सांगितलं. त्यांनी पायातली वहाण काढली, डावा पाय तुझ्या बांधाच्या कडेला लावला आणि पायाने चाचपत पहिलं तास धरलं. मग त्याला धरून दुसरं, तिसरं. तुझी विद्या पटली म्हणून, की दुसरा आधारच उरला नाही म्हणून? मी विचारलं नाही, माझी छाती झाली नाही. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, लोकं हसत्यात तर हसू दे, त्येच्या बांधानं मला आंधळ्याला पेरू दिलं. मी एका टोकाला बसून बघितलं. पलीकडचं टोक दिसत नाही आता, रांग वळून जाते. मला तुझी फार आठवण झाली.

मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस आहे. रानात पाच दगडांचे पांडव मांडून, पूजा करून जेवायला यंदा अप्पांनी सगळा गाव आपल्याच वरच्या रानात बोलावलाय, त्या वाकड्या तासांच्या मधोमध! अव्वा घाबरलीय, लोक तोंडावर हसतील म्हणून. अप्पा म्हणतात, मला आता सरळ बी दिसत न्हाय आन् वाकडं बी न्हाय; त्यो दुर्बीण लावून बगंल आन् सगळ्यांम्होरं सांगंल, मी त्येची रेघ धरली का सोडली. तू येणार, हे त्यांनी गावाला सांगूनही टाकलंय, मला न विचारता, तुला न कळवता. आता त्यांचा शब्द तुझ्या हातात आहे. रजा मिळो न मिळो, ये. अजून त्यांना माणसाची आकृती तेवढी दिसते. बांधावरून चालत आलास तर ओळखतील.

तुझीच,
नागम्मा अक्का