स्त्री वॉर्डाच्या संडासाची चावी खिळ्याला टांगण्याबाबत

दि. ११ मे २००६

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
ग्रामीण रुग्णालय (गावाचे नाव अब्रूखातर लिहिलेले नाही),
जि. यवतमाळ

विषय : तपासणी पथकासाठी कुलपात ठेवलेला संडास आजारी बायांनाही वापरू देणेबाबत.

संदर्भ : रुग्णांच्या वतीने सल्ला देण्यास अर्जदाराला रुग्णालयाच्या समितीत बिनपगारी घेतल्याचा आपला तोंडी हुकूम.

महोदय,

खालील मजकुरावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, याची अर्जदार आधीच हमी देतो. अर्जदार अब्दुल गनी, धंदा फवारणीचे पंप दुरुस्त करणे. गेल्या काही हंगामांत बोंडअळीने लोकांचा कापूस खाल्ला आणि पंपांनी अर्जदारास जेवू घातले. विषारी औषधाच्या टाकीत नाक खुपसणे हा त्याचा रोजचा उद्योग. नाकाने कधी कुरकूर केली नाही. त्याच नाकाने आपल्या स्त्री वॉर्डाच्या मागच्या भिंतीपाशी राजीनामा दिला.

कारण असे की, वॉर्डाच्या संडासाला नवीन फरशी बसली आणि त्याच दिवशी कुलूपही बसले. पथक येईपर्यंत फरशी चकाकली पाहिजे. पथक काही येत नाही. बाया भिंतीमागे जातात. जिला चालवत नाही तिला दोघी धरून नेतात. तेथे पाय ठेवण्याइतकी जागाही कोरडी नाही. तेथल्या माश्या थेट जेवणाच्या गाडीवर येतात. डाळीत जिरे समजून बोट लावावे, तर जिरे उडून जाते. पण त्या चकचकीत फरशीची अर्जदाराला जास्त शिसारी येते.

सल्लागार या नात्याने हे बैठकीत मांडले. चहा आला, बिस्कीट आले, "सल्ला चांगला आहे" असेही ऐकू आले. चावी आली नाही. ती शिपाई सदाशिवराव यांच्या कमरेला असते. विचारले असता ते म्हणाले, "चाचा, वापरलं का घान होते. मंग पथकाले काय दाखवू, तुमचं तोंड?" अर्जदाराचे तोंड दाखवण्यास अर्जदाराची हरकत नाही.

दरम्यान गावातल्या उत्तमसिंग यांची म्हैस त्या भिंतीजवळून गेली. घरी धार काढली, तर बादलीत दही पडले. भिंतीवरचा कावळा ओरडायला गेला आणि शिंकला. अजून शिंकतोच आहे.

तरी चावी आजच वॉर्डातल्या खिळ्याला टांगावी.

अर्जदाराची पत्नी जैबुनबी याच वॉर्डात मुतखड्याने भरती आहे. आपण तिला भरपूर पाणी पिण्यास सांगितले. ती तांब्यामागून तांबे रिचवते व खडा पडल्यात जमा आहे, असे समाधानाने नमूद करतो.

वरीलप्रमाणे लिहून अर्जदाराने बायांचे अंगठे घेण्यासाठी अर्ज वॉर्डात मोठ्याने वाचला. म्हशीला सगळ्या हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण दीपमाला टाके धरून हसली. पाण्याचे वाक्य आले तशी जैबुनबी उठून बसली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "झूठ! म्हशीचं दही राहू द्या, पन हे काहून लिवलं? पानी पेते कोन इथं? पेलं का भितीमांगं जा लागते. मी तं निसते ओठ ओले करून राह्यली. हे पोरगी लेकराले पाजते, ते बी तशीच कोरडी हाय."

चावीची वाट पाहणारा,
अब्दुल गनी
(पंप दुरुस्ती)

निशाणी अंगठा : जैबुनबी, दीपमाला
(फक्त शेवटच्या परिच्छेदापुरता)