फूलचंदच्या नावेचा जोड

८ मे, सोम.
राजा घाट. फूलचंद मल्लाहाने लांबूनच हाक मारली, "दीदी, आपका जोड़ तो लोहा हो गया!" त्याच्या नावेच्या पुढच्या फळीला चीर गेली होती. कार्तिकात मीच लॅबमधलं इपॉक्सी कालवून ती भरून दिली. बरं वाटलं ऐकून. त्याच मिश्रणाच्या चाचणीसाठी ओतलेल्या पट्ट्या लॅबमध्ये आहेत. काही कपाटात, काही तेव्हापासून पाण्यात. उद्या बघते.

९ मे
कपाटातली एक, पाण्यातली एक, दोन्ही पट्ट्या ओव्हनमध्ये, पन्नास अंशांवर. कोरडी कडक राहिली. पाण्यातली वाकली, नखाची खूण उमटली. गार झाली की पुन्हा कडक. तीनदा केलं, तीनदा तेच.
लॅबचे सर म्हणाले, "नवल काय त्यात? पाणी आत मुरतं, मग थोड्या उष्णतेतच मऊ पडतं. तुला माहीत आहे की."
माहीत होतं. पण कार्तिकात गारवा होता. वैशाखातलं ऊन डोक्यातच आलं नाही.

१० मे
आईला सांगितलं. पोळ्या लाटत होती. "माणसं बसतात ना गं त्या नावेत?" एवढंच.

११ मे
दुपारी थर्मामीटर घेऊन घाटावर. डांबर फासलेली फळी, हात ठेववेना. बावन्न अंश. जोडावर नख दाबलं. रुतलं.
फूलचंद म्हणाला, "शाम तक फिर कड़ा हो जाता है."
तेही खरंच. रविवारी पहाटे नागपूरची बारा माणसं न्यायचीत त्याला. "सबेरे तो ठंडा रहता है, दीदी."
"और लौटते-लौटते दोपहर हो गई तो?"
त्याने जोडावर अंगठा दाबून पाहिला. मग मीच म्हटलं, "ग़लती मेरी है. पटरा बदलवा लो."
फळी बदलायला त्याने मान हलवली नाही, नकारही दिला नाही. घरी आले.

१४ मे, रवि.
पहाटे गेले. नाव बांधलेलीच. नागपूरकर शेजारच्या नावेतून निघाले होते. फूलचंद पायरीवर दातून करत बसलेला. माझ्याकडे बघेना. काडी फेकून म्हणाला, "और किस-किस को लगाकर दिया था?"
तिघांची नावं सांगितली. तो उठला, त्यांना शोधायला निघाला.
चौथा एक होता. पलीकडच्या काठचा, फूलचंदचं ऐकून आलेला. इपॉक्सीचा डबाच हातात दिला, कसं लावायचं ते सांगितलं. चेहरा आठवतो. नाव विचारलंच नव्हतं.