चौथे कलम खोडण्याचे कारण

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, कारखान्याच्या तपासणी विभागात मोजमापाचे काम करणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते शंभरातले सत्त्याण्णव जण घरी परततात. हा कागद उरलेल्या तिघांपैकी मी एक असले तर. जीव देवाचा आहे, त्याची वाटणी मी करायची नाही. बाकीची करते.

१. दोन खोल्यांचे राहते घर आईला. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, कारण तो मी उलटा बसवला. आजवर ही 'खास पद्धत' म्हणून खपवली.

२. बँकेतली शिल्लक ताईला. सहा वर्षांपूर्वी तिने नेलेली माझी छत्रीही आता तिचीच. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

३. ख्रिस्तमंदिराची किल्ली पाळकबाईंना परत. दर शनिवारी मी तिथली फरशी पुसते आणि दर रविवारी पाळकबाई सर्वांदेखत म्हणतात, "किती नम्र पोर!" मला ते ऐकायला आवडत असे. माझ्या अंत्यविधीत 'नम्र' हा शब्द कोणी वापरू नये. 'अचूक' चालेल, पण एक अपवाद सांगून. तो पुढे दिला आहे.

~~४. जाडी मोजायचा माझा मायक्रोमीटर आणि सोबतचे बंद पाकीट टर्नरकाकांना.~~ (खोडले. शेजारी माझी सही आहे.)

कारण असे. अकरा महिन्यांपूर्वी लेथ यंत्रावरच्या टर्नरकाकांनी कातलेले दोनशे बारा शाफ्ट मी मापापेक्षा बारीक ठरवून भंगारात काढले. ते म्हणाले होते, "बाई, एकदा शून्य तपासून बघा ना." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, मायक्रोमीटर खोटं बोलत नाही." तीस वर्षे लेथ चालवलेल्या माणसाला साहेबांनी पॅकिंगला बसवले. आठवड्याने मी मायक्रोमीटरचे जबडे पूर्ण मिटवून पाहिले. तो शून्याच्या चार शतांश मिलिमीटर खाली दाखवत होता, म्हणजे काकांचा प्रत्येक शाफ्ट मला तेवढा बारीक दिसला होता. आदल्या महिन्यात तो माझ्या हातून पडला होता आणि मी तपासला नव्हता. मी तो दुरुस्त केला आणि गप्प बसले. 'प्रभू, मला नम्र कर' ही प्रार्थना मात्र रोज चालू होती.

पाकिटात माफीचे पत्र होते. आईने मसुदा वाचला.

"मेल्यावर माफी मागणार होय? मग त्यांनी ओरडायचं कुणावर, तुझ्या फोटोवर?"

"आई, लेखी आहे. स्पष्ट आहे."

"फरशी पुसायला बरे गुडघे वाकतात तुझे. इथेच कसे आखडले गं?"

गेल्या सोमवारी कामाची पाळी सुरू होण्याआधी, त्याच लेथपाशी, साहेबांसह सर्वांसमोर मी चार वाक्ये बोलले. काकांनी फडक्याने हात पुसले.

"अकरा महिने खोकी बांधली, बाई," ते म्हणाले. "बायको विचारायची, हल्ली तुमच्या हाताला ऑइलचा वास कसा येत नाही? काय सांगणार होतो?"

माफ केले असे ते म्हणाले नाहीत. मी विचारलेही नाही. मंगळवारी ते लेथवर परतले.

काल मी त्यांना साक्षीदार व्हाल का, असे विचारले.

"माझी सही चालेल ना? माझा माल एकदा नापास झालाय."

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून मायक्रोमीटर आजच त्यांच्या हातात दिला आणि पाकीट फाडले.

५. माझ्या जागी तपासणीला जो कोणी येईल त्याला एवढेच: रोज सकाळी आधी शून्य तपासावे. आणि कोणी 'तपासा' म्हटले, तर पुन्हा.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, उपासनेनंतर.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)

साक्षीदार २: टर्नर (सही). बाईंनी माझ्यासमोर सही केली. मायक्रोमीटर मी स्वतः तपासला, शून्यावर आहे. बाईंनी लवकर परत यावे. माझा माल दुसऱ्या कोणी तपासलेला मला चालणार नाही.