वास तुम्हालाच आला होता

दि. १४ सप्टेंबर, रविवार

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जिना चढताना आता नुसता चेहरा वाकडा करतात, तोंडाने काही म्हणत नाहीत. मुलीची परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं तर "गेले" एवढंच म्हणते. मला ऑफिसात नवी खोली मिळाली, खिडकीसकट. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "साळुंकीला खिडकी मिळाली, आता काम कोण करणार?" तुम्ही मला साळुंकी म्हणून हाक मारल्याला बरेच दिवस झाले.

हात कसा आहे? ताई म्हणते जखम भरली, पण कातडी ओढते आणि मूठ पुरती मिटत नाही. ती असंही म्हणाली की तुम्ही भट्टीपाशी जात नाही. पहाटेचं काम हाताखालच्या माणसांवर सोडून गल्ल्यावर बसता आणि गिऱ्हाइकांना पाव बांधून देता. कोणी विचारलं तर म्हणता, "ज्याला आग कळत नाही त्याने लांबच राहावं." ताई हे हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

तुमचा हात भाजला ते आमचं गॅसचं ग्रिल आता अंगणात नाही. कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. कंपनीने ते सगळं मॉडेलच परत मागवलंय. त्यात गॅसची नळी बर्नरच्या पेटीला खेटून जाते. पेटी तापली की नळी वितळते, चिरते, आणि गॅस खालच्या खाली सुटतो. झाकण उघडं होतं की बंद, बटण किती फिरवलं, ह्याचा काही संबंध नाही. हे मला त्या माणसाने सांगितलं.

म्हणजे, त्यानेही सांगितलं.

इथे मी उठले होते. चहा केला, दोरीवरचे कपडे आत आणले, घड्या घातल्या. आता लिहिते.

मला ते आधीच माहीत होतं. पार्टीच्या आठवड्यातच कंपनीचा मेसेज आला होता. नळीत दोष आहे, वापर ताबडतोब थांबवा. ऑफिसात जेवता जेवता वाचला. पार्टी माझ्या बढतीची, आमच्या मॅडम येणार, आणि ग्रिलवरच्या जेवणाचा डांगोरा मी आधीच पिटून ठेवलेला. मनात म्हटलं, इतके दिवस वापरतोय, कुठे काय झालं? कंपन्या आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून असलं पाठवतच असतात. पार्टी होऊ दे, मग बघू. ह्यांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी त्याच संध्याकाळी नळी काढून ठेवली असती. म्हणूनच सांगितलं नाही.

तुम्ही पाहुणे म्हणून आला होतात. बेकरीवाले भावोजी घरात असताना आगीपाशी दुसरं कोण उभं राहणार, असं म्हणून चिमटा मीच तुमच्या हातात दिला. कणसं अर्धी भाजून झाली तेव्हा तुम्ही मान वाकडी करून हुंगलंत आणि मला विचारलंत, "साळुंकी, गॅसचा वास येतोय का गं?"

मला येत होता, भावोजी.

मी म्हटलं, "छे, कणसांची सालं जळताहेत. तुमचं नाक पिठाने चोंदलंय." मॅडम हसल्या. तुम्हीही हसलात आणि परत कणसं फिरवायला लागलात.

पुढचं तुम्हाला मी काय सांगणार? ज्वाळा खालून आली, बटणं बंद करूनही थांबेना. आम्ही सगळे मागे पळालो. मुलगी ग्रिलच्या पलीकडे भिंतीशी होती, तिला बाहेर यायला वाटच नव्हती. तुम्ही त्या ज्वाळेत हात घातलात आणि सिलिंडर बंद केलात. ते मी पाहिलंय. डोळे मिटले की अजून दिसतं.

आणि दवाखान्यात काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं? तुम्ही ओठ आवळून बसला होतात. मी घाईघाईने म्हटलं, "झाकण बंद ठेवून गॅस जास्त सोडला बहुतेक भावोजींनी." आग लागली तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती, आमचे हे फाटकाशी गाड्या लावून घेत होते. दोघांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं, आणि ते घरोघर गेलं. आगीत जन्म काढला आणि एवढंही कळलं नाही, असं आमचे हे म्हणाले. सगळे म्हणाले. पण पहिली मी होते.

तुम्ही तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि मान खाली घातलीत. मला वाटलं, आता हे वासाचं बोलणार. तुम्ही बोलला नाहीत. आजवर कोणापाशीच बोलला नाहीत. मला सांभाळून घेतलंत, की इतक्या लोकांचं ऐकून तुम्हालाच स्वतःचं खरं वाटेना, हे मला कळत नाही. दुसरं असेल तर ते भाजण्यापेक्षा वाईट केलं मी.

कंपनीच्या माणसाने ग्रिल गाडीत चढवताना विचारलं, "ह्याच्यामुळे कोणाला इजा?"

मी म्हटलं, "नाही."

हो म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मेसेज मिळाला नव्हता का? तो बिचारा म्हणाला, "नशीबवान आहात. एका घरी बाई भाजल्या, आणि अजून म्हणतात, माझाच धांदरटपणा." तो गेला. मी फाटकाची कडी लावली आणि तिथेच उभी राहिले.

त्याच संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "त्यांनी आपली पोर वाचवली, आणि मी त्यांना चारचौघांत हसलो." त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला, खोटं बोलले हे सांगितलं, मेसेज कधी वाचला तेही सांगितलं. ते आता तुम्हाला फोन करतील. जे घडलं ते सगळं सांगा. माझी गय करू नका.

आज सकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले गं." आणि फोन ठेवताना, "त्यांना मी सांगणार नाही. तू लिही. तुझ्या हाताने लिही." ती रडत होती का ते कळलं नाही.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तुम्ही "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलला असतात, आणि मी बदलू दिला असता. तेवढी मी स्वतःला ओळखते.

तुमचं काही चुकलं नव्हतं. नाक नाही, हात नाही. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं सांगितलं, एवढंच झालं.

तुमच्या बेकरीत येऊन कामगारांसमोर हे सगळं सांगायची माझी तयारी आहे. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझं तोंडही बघायचं नसेल तर तसं ताईजवळ सांगा. मी तिला पुन्हा काही विचारणार नाही, मुलीला मात्र पाठवत राहीन. तिला तुमच्याकडे यायचंच असतं. तिला आईबद्दल काय सांगायचं तेही मी तुमच्यावर सोडते.

मोठ्यांना नमस्कार लिहिण्याची पद्धत आहे. मी पाय धरते.

ज्या हाताने तुम्हाला चिमटा दिला त्याच हाताने,
तुमची मेहुणी