सलीमची सही

गुरुवार, अल हिलाल

ऑफिसातून अल हिलालच्या घरी पोचले आणि जपानहून सलीमच्या वकीलबाईंचा फोन आला. सलीम अजून पोलीस कोठडीतच आहे. तिथल्या हॉटेलात कुक आहे तो; सोबत काम करणाऱ्या माणसाचं घड्याळ चोरल्याचा आळ आलाय. माझा भाऊ चोरी करेल? चौकशीला वकिलाला शेजारी बसू देत नाहीत. घरच्यांशी बोलायला तर बंदीच. रात्री कोठडीतला दिवाही विझवत नाहीत म्हणे. आमचा सलीम दाराच्या फटीतून उजेड आला तरी झोपायचा नाही.

"कबूल केलं तर बहुतेक लवकर सुटेल," वकीलबाई इंग्रजीत म्हणाल्या. "नाही म्हणत राहिला, तर कोठडी वाढवून मागतील."

हा कसला न्याय?

फोन चालू ठेवूनच अम्मीला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "त्याला म्हणावं, कबुलीवर सही कर नि घरी ये. दिवा चालू ठेवतात, माझं पोर झोपत नसेल." मलाही तेच हवं होतं. निरोप सांगायला लागले, तर वकीलबाईंनी थांबवलं.

"त्याचाही निरोप आहे. तो म्हणतो, मी रोज नाही म्हणतोय. पण अम्मीने सांगितलं तर सही करेन. म्हणून तिला विचारू नका."

मी अम्मीला तसंच सांगितलं. तिने ओढणीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माझा निरोप देऊ नको."

फोन ठेवला. आज आम्ही दोघींनीच त्याला तिथे राहू दिलं. बरोबर केलं का, हे एकमेकींना विचारायची हिंमत नाही.