विहिरीवरच्या कार्ब्युरेटरांचं मोल

७ सप्टेंबर, रविवार

मंचरला स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आता कागदी कपात देतात. कपाची उंची माझ्या अंगठ्याएवढी. चहा संपल्याचं दुःखही होत नाही, कारण सुरू झाल्याचं कळलेलं नसतं. तिसऱ्या घोटाला कप मऊ पडतो आणि चहाला लग्नपत्रिकेची चव येते. सत्तावीस वर्षं संस्कृत शिकवून ज्याला काचेचा ग्लास मिळत नाही, त्याने या तालुक्यात राहावं तरी कशाला? ठराव: उद्यापासून चहा बंद.

तिथेच मोबाइलवर एक लेख वाचला. जुन्या स्पोर्ट्स कार पुन्हा उभ्या करणारे शौकीन अस्सल पार्टसाठी वेडे झालेत म्हणे. नक्कल चालत नाही. 'हॅलम' नावाच्या विलायती दोन सीटर गाडीच्या कार्ब्युरेटरच्या जोडीचा फोटो होता. ही जोडी मी लहानपणापासून ओळखतो. लोणीला आमच्या विहिरीवर आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

(चहा दोन वेळा. पाहुणे आले होते.)

१९७४ साली माळशेज घाटात मुंबईच्या कुणा शेटची गाडी दरीत गेली. शेट वाचला. गाडी भंगारात आली. बाबांनी तिचं इंजिन उचललं, विहिरीवर बसवलं आणि रॉकेलवर चालवलं. ताशी शंभर मैल धावायला जन्मलेलं ते इंजिन वीस वर्षं एका जागी उभं राहून कांदे भिजवत होतं. पुढे लाइटची मोटर आली. तरी बाबा (हौशीराम, वय ८५) दर खंडेनवमीला त्याची पूजा करतात, हँडल मारतात, पाच मिनिटं चालवतात. त्या पाच मिनिटांत त्यांच्या तोंडावर जे दिसतं, ते मी एम. ए. झालो तेव्हा दिसलं नव्हतं.

आरती म्हणाली, त्याला हात लावू नका, मामंजींचा जीव आहे त्यात. मी म्हणालो, मी फक्त मूल्यमापन करतोय. ती म्हणाली, दहावीचे पेपर सोडून कशाचं मूल्यमापन केलंय तुम्ही?

 ठराव: उत्तर न देणे.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाबा दुपारचे झोपले असताना जोडी उतरवली. गेणभाऊ मेस्त्रीने, अर्थात. हे इंजिन पन्नास वर्षं त्यानेच सांभाळलंय. म्हणाला, "सर, म्हाताऱ्याला इचारलं का?" म्हटलं, खंडेनवमीच्या आत परत बसवू. कमीत कमी पूजेपुरती. "मंग ठीक. पर एक करा, फडक्यात गुंडाळून ठिवा. पुसू बी नका."

मेस्त्री लोकांची घाणीवरची ही निष्ठा पाहून शिसारी येते. बोटं अजून काळी आहेत. एका कार्ब्युरेटरवर नंबर ठोकलेला आहे: ४२७१. शेजारच्यावर ४२७२. नोंद केली.

१५ सप्टेंबर, सोमवार

नेमीचंदशेठच्या भंगाराच्या दुकानात गेलो, केवळ प्राथमिक मतासाठी. शेठनी वस्तू हातात न घेता थेट काट्यावर ठेवली. "दोन किलो सातशे. सर, ॲल्युमिनियमचा भाव लावू का मिक्सचा?" मी शांतपणे दुर्मिळतेचा सिद्धांत समजावला. शेठ म्हणाले, "दुर्मिळ म्हणजे काय सर, गिऱ्हाईक दुर्मिळ."

जगातली प्रत्येक वस्तू किलोवर मोजणाऱ्या माणसाचा मला वीट येतो. पण त्यांचा पुतण्या अंकित पुण्यात जुन्या गाड्या उभ्या करतो, हेही त्यांनीच सांगितलं, फोनही लावून दिला. अंकित ओरडलाच. सर, जोडी आहे? नंबरसकट? घटस्थापना झाली की लगेच येतो. जशी आहे तशी ठेवा.

माझा अंदाज: दोन लाख. जेवताना तीन वाटले. त्यातून इंजिनासाठी विहिरीवर पक्की खोली बांधू, फरशीसकट. बाबा खूश होतील.

२१ सप्टेंबर, रविवार

जशी आहे तशी म्हणजे काय, तीस वर्षांच्या चिखलासकट? पुण्याहून माणूस येणार आणि आपण त्याच्या हातात काळं फडकं ठेवणार? दसऱ्याला आपल्याकडे कोयतासुद्धा घासूनपुसून पाटावर ठेवतात. जिची पूजा होते, ती वस्तू आधी स्वच्छ होते. हे मेस्त्र्यांना कळत नाही.

देवळाच्या समया आणि घंटा चकचकीत करणाऱ्या कारागिराकडे जोडी दिली. त्याच्या बफच्या फिरत्या चाकावर तासाभरात आरसा! त्यात माझा चेहरा दिसला, जरा आडवा. आरतीला दाखवली. म्हणाली, छान, पळी-पंचपात्र वाटतंय.

मत्सर.

२४ सप्टेंबर, बुधवार

अंकित सकाळी आला. चहा न घेता आधी जोडी मागितली. मी तांबडं कापड ओढलं.  त्याने बॅटरी लावून दोन्ही बाजू पाहिल्या, नखाने चाचपलं.

"सर, नंबर कुठंय?"

नंबर बफच्या घासणीत पुसून गेला होता. मी ही वही आणली, तेरा तारखेचं पान उघडून दाखवलं: ४२७१, ४२७२, स्वच्छ देवनागरीत, सहीसकट. अंकित फार सभ्य मुलगा आहे. म्हणाला, सर, वही गाडीला बसत नाही. कारखान्याचा लागोपाठचा नंबर पार्टवर असला तर किंमत, नाहीतर नुसता धातू. मी विचारलं, साधारण किती फरक पडेल? म्हणाला, काकांना विचारा.

मला सगळ्यांचा तिटकारा आला आहे: शौकिनांचा, बफवाल्याचा, चकाकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा. चहा पाच वेळा.

२८ सप्टेंबर, रविवार

गेणभाऊ चार दिवस खटपट करतोय. जिथे कार्ब्युरेटर इंजिनाला चिकटतो ते तोंडही बफने घासलंय. "कडा गोल झाल्यात सर. हवा वढतंय. बसवलं तरी चालायचं न्हाई." नवमीपर्यंत होणार नाही. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणतो, "तुमी आजून काई करू नका, मंग सांगतो."

बाबांना सांगायची कारणं:

१. उंदीर.
२. चोर. (उंदरांपेक्षा बरं.)
३. सर्व्हिसिंगला पुण्याला पाठवलंय. (यात सत्याचा अंश.)

तिसरं पाठ केलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

बाबा सकाळीच अंघोळ करून विहिरीवर गेले. विळे, टिकाव, कोयता ओळीत. इंजिनाला हळद-कुंकू लावलं. जोडीच्या जागी दोन उघडी भोकं होती. त्यांच्यावर मी झेंडूची माळ दुहेरी घातली होती. गेणभाऊ नारळ घेऊन उभा, माझ्याकडे न बघता.

बाबांनी दोनदा हँडल मारलं. काही झालं नाही. होणार नव्हतंच. मी तिसरं कारण तोंडाशी आणलं. तेवढ्यात त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले.  मग म्हणाले, "आज लई मऊ चाललंय."

गेणभाऊ म्हणाला, "व्हय दादा."

मग बाबा मला म्हणाले, "हुबा काय ऱ्हायलास? पळ, दारं धर. पाणी वाफ्याभाईर चाललंय."

मी फावडं घेऊन पाणी वळवायला गेलो. वाफे नाहीत तिथे, आठ वर्षं ऊस आहे. उसाच्या कडेला उभा राहिलो. बाबांनी ओरडून विचारलं, "पोचलं का?" मी ओरडून सांगितलं, "पोचलं."

कारण लागलंच नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहून ठेवतो. आरतीने विचारलं, कळलं का त्यांना? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग बरं झालं.

बरं झालं नाही. गेल्या खंडेनवमीला याच माणसाने नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं की तिसरा प्लग काळा पडलाय.

एप्रिलपासून त्यांना विसर पडतोय, हे मला माहीत आहे. मी कुणाला बोललो नाही. मला त्याची भीती वाटते. डॉक्टरकडे अजून नेलेलं नाही.