ओटीतलं विरजण

चौसाळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. रुद्राणीस गंगासागर आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मागितलंस तसं दह्याचं डबडं पुण्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देत आहे. फोनवर धड बोलता येत नाही. फोन दुकानात ह्यांच्या गल्ल्याजवळ असतो आणि निम्मं चौसाळा कान देऊन ऐकतं. म्हणून डब्यासोबत पत्र. तूही तसंच लिही. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे तुला सांगायला नकोच.

लोकांच्या पोरी माणसं तपासून डॉक्टर होतात, आमची दही तपासून होणार, असं मी शेजारच्या सुंदरबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते. पण तुला सांगते, हे दही साधंसुधं नाही. माझ्या लग्नात तुझ्या आजीनं चिनी मातीच्या बरणीत परळीचं विरजण माझ्या ओटीत घातलं, तेव्हापासून मी ते एकदाही मोडू दिलेलं नाही. दुष्काळात टँकरचं पाणी होतं आणि पिशवीचं दूध होतं, तरी वाटीभर लावलंच.

परळीला मात्र तुझी आई गेली तेव्हा महिनाभर घरात दूध विरजलं नाही, आणि तिथलं संपलं. आता माझ्या आईच्या हातचं म्हणावं ते माझ्याकडे आणि परळीतच वेगळ्या राहणाऱ्या धाकट्या काकूकडे, एवढंच. तू तेव्हा पाच वर्षांची. कुणाच्या हातचा घास घ्यायची नाहीस. माझ्याकडे आणलं की दहीभाताचं ताट चाटूनपुसून. आजीच्या चवीला जागली पोर, असं मी सगळ्यांना सांगत असे.

वैशाखात माझ्या शिवानीचं लग्न. तिच्या ओटीत हेच विरजण द्यायचं आहे. तेव्हा तुझ्या यंत्राकडून नीट वाचून घे आणि हे परळीचं, तुझ्या आजीचंच आहे असं चार ओळींत लिहून पाठव. व्याह्यांसमोर वाचून दाखवीन. तुझ्या मामाकडूनही कड्याचं दही मागवलंस म्हणे. कड्याचं दही म्हणजे चिंचेनं हात जोडावेत. तुझ्या आईला मी त्यावरून फार चिडवायचे. महानंदावहिनी नुसती हसायची.

जेवत जा. आत्याची माया तिथं पोचते आहे असं समज.

तुझी,
गंगासागर आत्या


पुणे,
३ मार्च २०२५

ती. आत्यास रुद्राणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

डबा रिकामा नाही, बाकरवडी आहे. अण्णांच्या नजरेला पडू देऊ नकोस, नाहीतर दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटून टाकतील.

आता रागवायचं नाही. तुझं दही पिवळं निघालं. काकूंचं पिवळं, मामाचं पिवळं, आणि जिल्ह्यातल्या आणखी जेवढ्या घरांतून मागवलं तेवढं सगळं पिवळं. पांढरं उघड्यानं घराबाहेर जाऊ नये, दृष्ट लागते, म्हणून तुम्ही सगळ्याजणींनी चिमूटभर हळद टाकलीत ना? मी तुमच्याच घरात वाढले आणि मलाही ते आधी सुचलं नाही, म्हणजे अर्धी चूक माझी. हळदीनं आमची यंत्रं आंधळी होतात. वाचायला गेलं की काहीच दिसत नाही. आमच्या गाईड मॅडमना हे सांगताना मला हसू आवरेना. त्यांना मात्र आलं नाही. महिनाअखेर स्वच्छ नमुने आले नाहीत तर बीड जिल्हा प्रबंधातून गाळायचा, असं त्यांनी सांगितलं आहे. माझं मधलं अख्खं प्रकरण बीडवर आहे, आत्या. ते गळलं तर माझं वर्ष वाया जाईल.

मी नक्की काय करते ते अण्णांना समजावून सांग, म्हणजे ते पोरगी पुण्यात ताक करते म्हणणार नाहीत. दह्यातले जंतू दुप्पट होतात तेव्हा प्रत्येक जण आपल्या पोटातला सगळा मजकूर उतरवून पुढच्याला देतो. उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्याच्या सगळ्या वंशात राहते, आपल्या घराण्यात डाव्या भुवईतला भोवरा राहिला तशी. दोन घरांच्या दह्यांत तीच ती चूक सापडली की दोघांचं मूळ एक. सिक्वेन्सिंग म्हणजे तो मजकूर अक्षर न् अक्षर वाचणं. आमच्याकडे शेजारच्या टेबलावर लाल कंधारी गाईंचं असंच वाचन चालतं, आणि पलीकडे माणसांचं: काहींना मोठेपणीही दूध पचतं आणि अण्णांसारख्यांचं पोट का गुरगुरतं, ते. माणूस गाई पाळत गेला, दूध पीत गेला, आणि माणूस, गाय, जंतू तिघंही एकमेकांच्या संगतीनं बदलत गेले. दह्यातले जंतू तर दुधात इतक्या पिढ्या राहिले की बाहेर पोट भरायची विद्याच विसरले. पक्के घरजावई झालेत.

तेव्हा पुन्हा एकदा पाठव, पण निव्वळ पांढरं. तुझं आजीचंच निघणार याबद्दल मला शंका नाही. पण वाचल्याशिवाय लिहून देणार नाही.

शिवानीला माझ्याकडून एक चिमटा. तुझी माया आहे तशीच असू दे, हळदीसकट.

तुझी,
रुद्राणी


चौसाळा,
१२ मार्च २०२५

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घुश्श्यात होते. हळदीनं आंधळं होणारं यंत्र कसलं शहाणं? आमच्याकडे हळदीनं डोळे निवतात. पण तुझं वर्ष जाणार म्हटल्यावर झोप लागेना. विरजण नुसतं पांढरं बाहेर पाठवायचं तर माझा हात धजावत नव्हता. मग सुंदरबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, “डब्याला बाहीरून लावा की हळद. दृष्ट काय झाकण उघडून बघतीय का?” त्यांचं डोकं पंचायतीत असायला हवं होतं.

म्हणून डबा बाहेरून नवरीसारखा पिवळा आहे, आत मात्र नुसतं दही. सुंदरबाईंनी आपलंही दिलं आहे. ते मूळचं माझ्याकडूनच गेलेलं. परळीला काकूंना आणि कड्याला तुझ्या मामांना ह्यांच्याकरवी फोन करून दटावलं आहे. कुणी हळद टाकली तर तुझ्याआधी माझ्याशी गाठ आहे.

शिवानीच्या सासरी मी सांगूनच टाकलं की आमच्या लेकीबरोबर तीन पिढ्यांचं विरजण येतं आणि पुण्यात त्याची तपासणी चालू आहे. विहीणबाई चाट पडल्या. तेव्हा आता माझा शब्द तुझ्या हातात आहे. लवकर कळव.

तुझं बीड कोण गाळतं तेच बघते. सुखी राहा.

तुझी,
आत्या


पुणे,
१९ एप्रिल २०२५

ती. मृत्युंजयमामास भाचीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मामा, बीड प्रबंधात राहिलं. मॅडमनी माझं प्रकरण इतरांना वाचायला दिलं आहे, यावरून काय ते समज. पण आज तुला वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे, आणि हे आधी आत्याला लिहायची हिंमत झाली नाही.

आत्याचं आणि सुंदरबाईंचं दही सख्ख्या बहिणींसारखं जुळलं. ते ठरलेलंच होतं. पण परळीच्या काकूंकडचं, जे आजीचं खात्रीचं, ते आत्याच्या दह्याच्या जवळपासही नाही. मी नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून सगळं पुन्हा केलं. तेच आलं. आणि आत्याचं दही कुणाशी जुळतं माहीत आहे? तुझ्याशी. कड्याच्या दह्यातल्या नेमक्या त्याच चुका, त्याच जागी. दुसऱ्या कुठल्याच घरात त्या नाहीत.

कड्याचं विरजण चौसाळ्याला गेलं कसं? कड्याहून परळीच्या त्या स्वयंपाकघरात आलेलं माणूस मला एकच माहीत आहे. तुला तिच्याबद्दल काही आठवत असेल तर लिही, मामा. मला तिचा चेहराही फोटोतलाच आठवतो. तिच्या हातचं असं आमच्या घरात काहीच उरलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे.

आत्याला खोटं लिहायचं नाही, एवढं ठरलेलं आहे. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
रुद्राणी


कडा,
२४ एप्रिल २०२५

चि. रुद्राणीस मृत्युंजयमामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. यंत्रानं बरोबर सांगितलं.

गंगासागरताईंच्या लग्नाला मी परळीला आलो होतो. आधी तुझ्या आईचा निरोप आला, की येताना आपल्या घरचं विरजण किटलीत घेऊन ये. लग्नघरात उन्हाळ्याचा कहर, चुली दिवसभर पेटलेल्या. तुझ्या आजीचं विरजण नासलं, त्याला तार सुटली होती. किटली देताना मी म्हणालो, एवढं लपवायचं काय त्यात, काकूंकडचं आण. तर ती म्हणाली, “काकू साऱ्या गावाला सांगतेल. नवरीच्या ओटीतलं नासलं म्हणलं तर अपशकुन म्हणतेल बे. ताईचं मन खट्टू करू नको, तू गप दे.”

बरणी तिनं भरली आणि सासूच्या हातात दिली. सासूनं ओटीत घातली. पुढं परळीच्या घरातही तेच लागत राहिलं. तिनं मला शपथ घातली होती. पण ती मोडली असं मी मानत नाही, कारण तुझ्या यंत्रानं माझ्याआधी सांगितलं. हे पत्र ताईंना पाठवायचं तर पाठव. माझी ना नाही.

असाच जीव लावत जा.

तुझा,
मामा


चौसाळा,
१५ मे २०२५

चि. रुद्राणीस आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि आत घडी घातलेलं मृत्युंजयरावांचं पत्र, दोन्ही लग्नाच्या गडबडीत मिळाली. तू लिहिलंस, आत्या, मी लिहून देते पण तू म्हणालीस तसं नाही. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. जिच्या माहेरच्या दह्याला मी चिंच म्हणत आले, तेच मी माझ्या आईचं म्हणून आयुष्यभर मिरवलं. मी चिडवायचे तेव्हा वहिनी का हसायची, ते आत्ता कळलं. एका शब्दानं उलट बोलून मला गप्प करता आलं असतं तिला. केलं नाही.

मग मी देवघरात बसून मनसोक्त रडले. हे विचारायला आले तर त्यांनाही पत्र दिलं. ते एवढंच म्हणाले, की दही चांगलं होतं ते होतंच.

शिवानीच्या ओटीत तेच विरजण घातलं. विहीणबाईंनी पुण्याचा निकाल विचारला. मी मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं, की हे कड्याचं, आमच्या महानंदावहिनीचं, आणि हे माझ्या भाचीनं शोधून काढलं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता आईचं विरजण काकूंकडूनच मागून आणलं आहे. ते वेगळ्या बरणीत लावते. दोघींची सरमिसळ होऊ देणार नाही, तुला पुढं लागलं तर.

या डब्यात नमुना नाही. तुझ्यासाठी विरजण आहे, माझ्या लग्नातल्या त्याच बरणीत. दूध कोमट कर, करंगळी सोसेल इतपतच. लावल्यावर हलवू नकोस. आत हळद नाही, बाहेर आहे.

एक सांगायचं राहिलं. वहिनी गेल्यावर तू सगळ्यांचा घास थुंकून टाकायचीस आणि माझ्याकडे आलीस की दहीभात खायचीस. मला वाटायचं, पोरीला आजीची चव लागली. तसं नव्हतं गं. तुला तुझ्या आईचं दही कळत होतं.

लागलं की मला कळव.

तुझी,
आत्या